गुण्या आणि भूमिती
(शालान्त वर्गांतील उच्च गणिताचा पूर्वेतिहास व आपली ज्ञाती)

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक व प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. तथापि ज्या विषयाचे दार आम्हांस एकदा बंद झाले, त्याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडावा, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न करीत आहोत.

आपल्या प्रांतात पाश्चात्त्य पद्धतीचे गणित प्रथम आले ते मराठीतूनच. १८२० नंतरच्या दशकात मुंबईस जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याने देशी शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताचे ग्रंथ मराठीत उतरविले. पुढे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी 'शून्यलब्धि' या नावाने कलनशास्त्रावर मराठी पुस्तक लिहिले. आज बारावीच्या मुलांना घाम फोडणारा हा विषय, विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीच मायबोलीत अवतरला होता, याचे नवल वाटते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या उत्तीर्णांपैकी होत. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा गणिताचा गुरू व लोकमान्य टिळकांसारखा शिष्य पुण्यास लाभला. आणि १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तेव्हा गणित म्हणजे बुद्धीची कसोटी हे समीकरण मराठी मनात पक्के बसले. अभिमानाची गोष्ट खरी. परंतु 'हे आपले काम नव्हे' अशी भीतीही त्याच अभिमानाच्या सावलीत अनेक घरांत वाढली.

आमच्या विद्यार्थिदशेत शाळांतून गणिताचे दोन मार्ग असत. एक व्यवहारापुरत्या अंकगणिताचा; दुसरा बीजगणित-भूमितीचा, ज्याला मुले 'हायर मॅथ्स' म्हणत. आठवी संपताना आमच्या शिक्षकांनी वडिलांना बोलावून सांगितले, ''सुताराच्या पोराला भूमिती कशाला? अंकगणित पुरे.'' वडिलांनी मान डोलावली व कागदावर सही केली. शिक्षकांच्या मनात द्वेष नव्हता, हे आम्ही आज जाणतो. मात्र १९७४ साली आम्ही मॅट्रिक झालो तेव्हा विज्ञानशाखेची वाट आमच्यासाठी उरली नव्हती.

आता दैवयोग पाहा. तेच वडील दाराची चौकट जुळविताना सुतळीने दोन्ही कर्ण मापीत. ते समान भरले म्हणजे चौकट गुण्यात आहे असे समजत. मोठा काटकोन साधावयाचा तर एका बाजूस तीन हात, दुसरीस चार हात मोजून तिरकस अंतर पाच हात भरते की नाही, हे ताडून पाहत. पहिली रीत म्हणजे समांतरभुज चौकोनाचे प्रमेय व दुसरी म्हणजे पायथागोरसचा सिद्धान्त, हे आम्हांस वयाच्या तिशीनंतर, दुसऱ्यांची पुस्तके मागून वाचताना उमगले. ज्याच्या हातात भूमिती होती, त्यानेच ती आपल्या मुलास नको म्हणून सही केली!

कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली दहा वर्षे सर्वांना गणित व विज्ञान असावे, अशी शिफारस केली होती. १९७५ साली महाराष्ट्रात दहावीची नवी शालान्त परीक्षा सुरू झाली, तेव्हा बीजगणित-भूमिती आपल्याही मुलांच्या वाट्यास आली. आमच्या पाठच्या भावंडांपैकी जी अभियंता झाली, ती या बदलामुळे, असे आमचे मत आहे.

येथे एक कबुली देणे कर्तव्य समजतो. पुढे काही वर्षे दहावीस 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता. ज्ञातीतील एका मुलीच्या पालकांनी आमचा सल्ला विचारला. नापासाच्या भयाने आम्ही म्हणालो, ''सोपे घ्या.'' मुलगी उत्तीर्ण झाली व पेढे घेऊन आली. मग हळूच म्हणाली, ''गुरुजी, मला पुढे गणित घ्यायचं होतं.'' आमच्या शिक्षकांचे जे वाक्य आम्ही जन्मभर उराशी धरले, तेच आमच्या मुखातून बाहेर पडले होते. तो पेढा आम्हांस गोड लागला नाही.

तो पर्याय आता राज्यात राहिलेला नाही. परंतु केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीस गणिताचे दोन स्तर ठेवले आहेत, आणि अकरावीत तर गणित घ्यावे की सोडावे हा प्रश्न घरोघर उभा राहतोच. तो निर्णय मुलाच्या कलाने व्हावा, भीतीने नव्हे. देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे साधे शाळाशिक्षक. त्यांनी शोधलेला ६१७४ हा अंक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. गणितास मोठ्या पदाची वा घराण्याची अट नाही, याला याहून मोठा दाखला कोणता?

कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे की, दरवर्षी मे महिन्यात ज्ञातीच्या सभागृहात नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी गणिताचा विनामूल्य वर्ग चालवावा. खालच्या इयत्तांची उजळणी आम्ही स्वतः घेऊ. वरचे शिकविण्यास आपलेच तरुण अभियंते पुढे येतील, असा भरवसा आहे. आणि पहिला पाठ फळ्यावर नव्हे, तर दाराच्या चौकटीपाशी, सुतळी हाती घेऊन व्हावा. विश्वकर्म्याच्या लेकरांना भूमिती परकी नाही, एवढे त्यांना एकदा पटले, की पुढचे ती करतील. इत्यलम्.