ओल्या चिंधीचा इतिहास

अंडी उबवण्याच्या यंत्राचा इतिहास बहुधा उष्णतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बीडसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यातून पाहिले, की मला तो पाण्याचाही इतिहास वाटतो.

इजिप्तमध्ये शेणखताच्या ढिगात अंडी पुरून पिल्ले काढतात, हे अरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले. पुढे तिथे मातीच्या विटांच्या भट्ट्या आल्या. अंडे पापणीला लावून कारागीर ऊब ओळखत. 1749 साली फ्रान्सच्या रेओम्युरने या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्यानेही शेणखताची ऊब वापरली, पण त्यातून उठणारी दमट वाफ अंड्यांना बाधली. 1881 साली लंडनच्या चार्ल्स हिअरसनने तापमान आपोआप सांभाळणारे यंत्र बनवले. त्यातही ओलाव्याची जबाबदारी पाण्याच्या थाळीवर आणि ओल्या कापडावरच होती.

हा ओलावा लागतो कशाला? अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. पहिल्या 18 दिवसांत त्यांतून वाफ निघून अंड्याचे वजन साधारण 11 ते 13 टक्के घटावे लागते; तेव्हाच आतली हवेची पोकळी पिल्लाच्या पहिल्या श्वासापुरती होते. हवा फार दमट असेल तर पोकळी लहान राहते. फार कोरडी असेल तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि 21व्या दिवशी चोच मारूनही ते कवचातच मरते. म्हणून 37.5 अंश सेल्सिअसला पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के आर्द्रता ठेवतात.

आता बीडची हवा घ्या. वैशाखातल्या दुपारी 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असली, तर यंत्रात ती 23 टक्क्यांच्या आसपास भरते. पौषातल्या पहाटे 12 अंश आणि 60 टक्के असेल, तर अंगाला ती हवा ओलसर वाटते, पण 37.5 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता अवघी 13 टक्के उरते. उन्हाळ्याइतकाच, किंबहुना जास्तच, थंडीचा कोरडेपणा यंत्राला जाचतो. हा हिशेब मांडेपर्यंत तो ध्यानात येत नाही.

यावरचा उपाय हिअरसनच्याच जातीचा आहे. थाळी खोल करून फायदा नाही, रुंद करावी लागते. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून निघते. चिंधी किंवा स्पंज टाकून तो पृष्ठभाग वाढवता येतो. झरोके बंद करून ओलावा कोंडणे मात्र घातक, कारण वाढत्या पिल्लाला प्राणवायू हवा असतो. ओलावा मोजायला तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळतात, 37.5 अंशांच्या यंत्रात तिचा पारा 29च्या आसपास असला की पहिल्या 18 दिवसांचे काम भागते. इथे बोअरचे जड पाणी आडवे येते. क्षार साचून चिंधी कडक झाली, की ती पाणी ओढत नाही, पारा वर राहतो आणि यंत्र कोरडे असूनही ओले भासते. म्हणून उकळून गार केलेले किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे आणि चिंधी बदलत राहावी.

स्वातंत्र्यानंतर पशुसंवर्धन खात्याने पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि तेव्हाच्या औरंगाबादेत मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे उभारली. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करत करत खुडूक बसण्याची खोड काढून टाकली गेली. त्या कोंबडीला आपली अंडी उबवता येत नाहीत, म्हणून यंत्र अटळ ठरले. गावठी कोंबडी मात्र अजून खुडूक बसते. अंड्यांतून निघणारी वाफ तिच्या पिसांखाली थोडी अडून राहते. उन्हाळ्यात टोपलीत भुशाखाली ओलसर माती घालण्याची रीत त्याच गरजेतून आली असावी, असे मला वाटते.

दिवाळीच्या सुमारास बीडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, तेव्हा डालग्यातली कोंबडीही बिऱ्हाडाबरोबर निघते. कोपीच्या कोपऱ्यात ती रवणावर बसते. बाईच्या हाती येणारा चार पैशांचा आधार त्या पिल्लांवर असतो. तिथे रात्रभर वीज आणि रोज ताजी चिंधी पुरवणारे कोणी नसते. यंत्राला पाणी आणि माणूस यांचा अखंड पुरवठा लागतो. तो नसलेल्या घरांत गावठी जात टिकवणे हा मला जुन्याचा मोह वाटत नाही, ती उपजीविकेची तजवीज आहे.