लाल कोळी आणि त्याचे जुने-नवे उतारे

लाल कोळी हा कीटक नाही. आठ पायांचा हा जीव कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या गोत्रातला असून लांबीने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. 1836 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कोख यांनी त्याच्या सर्वांत उपद्रवी जातीला ‘टेट्रानिकस अर्टिकी’ असे नाव दिले. पानाच्या खालच्या बाजूला राहून तो पेशींतला रस शोषतो. पानावर आधी फिकट ठिपके उठतात, मग बारीक जाळी दिसू लागते आणि शेवटी पान तांबूस पडून गळते. 30 अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडाभर पुरतो आणि एक मादी शंभरेक अंडी घालते. नाहरगडाच्या डोंगररांगेजवळ वसलेल्या जयपूरच्या शास्त्री नगरसारख्या वस्तीत मार्चअखेरपासून पावसापर्यंतचा काळ या किडीला अगदी मानवतो. हवा कोरडी, पारा चाळिशीपार आणि लूच्या गरम वाऱ्याने बरोबर आणलेली धूळ गुलाब, झेंडू, भेंडी, वांगी अशा सगळ्यांच्या पानांवर बसलेली. धुळीने माखलेल्या पानावर कोळी फोफावतो, कारण त्याला खाणारे जीव तिथे नीट वावरू शकत नाहीत. पावसाळी सरींनी पाने धुतली गेली की उपद्रव ओसरतो.

झाडांच्या रोगांवर लिहिण्याची परंपरा राजस्थानच्या परिसरात जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रोगट भाग कापून त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायला सांगितले आहे. सुरपालाचा वृक्षायुर्वेद साधारण हजार वर्षांपूर्वीचा. 1363 च्या शार्ङ्गधरपद्धतीत उपवनविनोद हा बागेवरचा भाग येतो, आणि शार्ङ्गधराचे आजोबा रणथंभोरच्या हम्मीराच्या दरबारी होते. सोळाव्या शतकात महाराणा प्रतापांच्या आश्रयाने चक्रपाणि मिश्रांनी ‘विश्ववल्लभ’ लिहिला. पाणी कसे शोधावे, तळी कशी बांधावीत, झाडे कशी लावावीत आणि त्यांचे आजार कसे बरे करावेत, हे सारे त्यात आहे. सुरपालाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांनी तिची प्रत मिळवली आणि नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ‘आपल्या पूर्वजांकडे सगळ्या किडींचे औषध होते’ असे सर्रास सांगितले जाते. ते जरा ताणलेले आहे. या ग्रंथांत झाडालाही वात, पित्त, कफ मानलेले आहेत, आणि किडीला बहुतेक ‘कृमी’ एवढेच नाव आहे. भिंगाशिवाय नीट न दिसणाऱ्या कोळ्याला वेगळे औषध सांगायला तो आधी वेगळा ओळखता यायला हवा होता.

भारतात त्याची नीट दखल घेतली गेली ती चहाच्या मळ्यांत. चहावरचा लाल कोळी वेगळ्या जातीचा, पण त्याच कुळातला. जॉर्ज वॉट आणि हॅरॉल्ड मान यांचे चहाच्या किडी-रोगांवरचे पुस्तक 1903 मध्ये आले. हेच मान 1907 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. त्या काळचा भरवशाचा उतारा म्हणजे गंधक. युरोपातल्या द्राक्षमळ्यांत 1850 च्या दशकात भुरी रोगावर गंधकाची भुकटी मारू लागले आणि त्याच भुकटीने कोळीही हटतो हे ध्यानात आले. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला गंधक आजही परिचयाचे आहे. जयपूरच्या उन्हाळ्यात मात्र गंधकाची पंचाईत होते. पारा 35 च्या वर गेला की त्याने पाने करपतात, आणि कोळ्याचा खरा जोर नेमका तेव्हाच असतो.

कोळी हा मोठा शत्रू ठरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही माणसाच्याच करणीने. पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, त्यासाठी 1948 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बागांत डीडीटी फवारताच कोळ्याला खाणारे भुंगेरे आणि भक्षक कोळी मेले, लाल कोळी मात्र तगला आणि बेसुमार वाढला. मग त्याच्यासाठी खास औषध निघाले, डायकोफॉल. गंमत अशी, की ते डीडीटीपासूनच बनवले जाई. भारतात त्यावर बंदी यायला 2023 साल उजाडले.

कडुनिंबाची शास्त्रीय कहाणी महायुद्धानंतरच्या याच काळात सुरू होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1962 मध्ये एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर फवारले, आणि टोळांनी त्या पिकाला तोंड लावले नाही. 1968 मध्ये त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक वेगळा करण्यात आला. महाराष्ट्रात 5 टक्के निंबोळी अर्क आज घरोघरी माहीत आहे: 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची, 200 ग्रॅम साबण मिसळून 100 लिटर करायचे. कोळी त्याने तडकाफडकी मरत नाही. त्याचे खाणे आणि अंडी घालणे मंदावते. उन्हात अर्काचा गुण लवकर उतरतो, म्हणून फवारणी संध्याकाळची. निंबोळ्या पिकतात पावसाच्या तोंडावर, म्हणजे कोळ्याचा हंगाम सरताना, आणि आठ-दहा महिन्यांहून जुन्या बियांत जोर उरत नाही. एप्रिलमध्ये कुंड्या सांभाळणारा माणूस म्हणूनच बाजारचे निंबोळी तेल आणतो आणि लिटरभर पाण्यात चमचाभर तेल थोड्या साबणासह घुसळून वापरतो. साबण न घातल्यास तेल वर तरंगते आणि पानांवर डाग पडतात.

याच तेलाने कोकणातही काम दिले. नारळाच्या कोवळ्या फळांचे नुकसान करणारा इरियोफाइड कोळी 1998 मध्ये केरळात आढळला आणि पश्चिम किनाऱ्याने वर सरकला. त्यावर निंबोळी तेल, लसूण आणि साबण यांच्या 2 टक्के मिश्रणाची शिफारस झाली. विदर्भातले सुभाष पाळेकर यांचे नीमास्त्र, शेतकऱ्यांत फिरत आलेला दशपर्णी अर्क हीही त्याच वळणाची औषधे. तंबाखूचा काढा मात्र माव्यावर जितका चालतो तितका कोळ्यावर चालत नाही, तरी अनेकजण तो सगळ्यावरच मारतात.

युरोपातल्या काचघरांत तोडगा निघाला भक्षक कोळ्याचा. ‘फायटोसियुलस पर्सिमिलिस’ ही जात 1950 च्या दशकाअखेरीस चिलीहून आलेल्या ऑर्किडांबरोबर जर्मनीत पोचली. हॉलंडमधले काकडी उत्पादक यान कॉपर्ट यांना रासायनिक औषधांची अ‍ॅलर्जी होती. त्यांनी 1967 मध्ये ही जात वाढवून विकायला सुरुवात केली. घरच्या बागेला विकतचे भक्षक लागत नाहीत. स्टेथोरस जातीचे इवलेसे काळे ढालकिडे आपोआप येतात, विषारी फवारा मारला नाही तर.

राहतो तो पाण्याचा उपाय. पानांच्या खालच्या बाजूला जोराने मारलेली धार धूळ, जाळी आणि कोळी एकदमच उडवते. आठवड्यातून दोनतीनदा, सकाळी, हे करावे लागते. जयपुरात याला पाण्याची अडचण आली. 1931 पासून शहराला पाणी देणारा रामगढ बंधारा या शतकाच्या सुरुवातीला आटला, आणि 2009 पासून बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचे पाणी शहरात येऊ लागले. नळाच्या पाण्यावर बाग राखणाऱ्यांना सगळी झाडे धुणे परवडत नाही. अशा वेळी बाधलेली पाने खुडून नष्ट करणे, कुंडी दुपारपुरती सावलीत हलवणे आणि उरल्या पानांच्या मागच्या बाजूला साबणपाण्याचा हातपंप चालवणे, एवढे तरी करता येते. अंड्यांवर साबणाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून तीनचार दिवसांनी तीच फवारणी पुन्हा करावी लागते.