वर उंदीर, खाली गिनीपिग

पाळीव उंदरांसाठी ‘आपोआप साफ राहणारं’ घर करायची सध्या हौस आहे. मोठी पेटी, तळाला वीतभर माती, वर पालापाचोळा, आणि लेंड्या फस्त करणारे बारीक किडे. रत्नागिरीच्या मांडवीत हे सांगितलं तर लोक हसतील. इथे उंदीर न पाळताच कौलांखाली राहतात.

पण उंदराचं घर आणि स्वच्छता यांचा हिशेब आपल्याकडे एकदा फार गंभीरपणे मांडला गेला, आणि तोही कौलांवरूनच. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतल्या मांडवीत (मांडवी म्हणजे जकातीची जागा, म्हणून हे नाव बंदरोबंदरी सापडतं) डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारला वाटलं, रोग घाणीत आहे. गटारं धुतली, घरांत कार्बोलिक फवारलं, गरिबांचं सामान जाळलं, आजाऱ्यांना ओढून नेलं. गिरण्यांत राबणारी कोकणी माणसं गावाकडे पळाली.

१८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. फार कुणी ऐकलं नाही. १९०५च्या प्लेग कमिशनने मात्र मुंबईत सहा खोल्याच बांधल्या. दोनांवर साधी देशी कौलं, ज्यांत उंदीर सुखाने राहतो. दोनांवर सपाट मंगलोरी कौलं, तिथे राहतो पण जरा अडचणीत. दोनांवर पत्रा, तिथे त्याला थाराच नाही. छपराखाली जाळी: उंदीर खाली येणार नाही, पिसू मात्र पडेल. जमिनीवर निरोगी आणि प्लेग झालेले गिनीपिग एकत्र सोडले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोड तपासताना आम्ही तरी दुसरं काय करतो?

कौलांच्या चारही खोल्यांत प्लेग पसरला. पत्र्याखाली मात्र आजारी आणि निरोगी प्राणी एकाच घाणीत, अंगाला अंग लावून राहिले, तरी पसरला नाही. तिथे पिसवा आल्या तेव्हाच पसरला. म्हणजे दहा वर्षं आधी ज्यांचं बिऱ्हाड जाळलं, त्यांची शिक्षा चुकीच्या गुन्ह्यासाठी होती. हे त्यांना कुणी जाऊन सांगितलं असेल असं वाटत नाही.

घाण सुटली ती फक्त प्लेगच्या आरोपातून. कोकणात पावसाळ्यात डोकं वर काढणारा लेप्टो उंदराच्या मुतातूनच येतो. पेटीतले किडे लेंड्या संपवतील. मुताने भिजलेली माती हातमोजे घालून आपणच काढायची.