१०६ नंबरचं कार्ड

१९३३ साली बॉस्टनच्या गाउडी या च्युइंग गम कंपनीने बेसबॉल खेळाडूंच्या रंगीत कार्डांची मालिका बाजारात आणली. एका सेंटला गमची एक वडी, तिच्यासोबत एक कार्ड. कार्डाच्या मागे खेळाडूची माहिती आणि एक क्रमांक. मालिका २४० कार्डांची. अमेरिकेत मंदीने घरंच्या घरं बसली होती, एक सेंटही विचार करून खर्चायचा असे. तरी पोरं गम घेत राहिली, आपसात अदलाबदल करत राहिली. ज्यांनी चिकाटीने कार्डं क्रमाने लावली, त्यांच्या हळूहळू लक्षात आलं की १०५ सापडतं, १०७ सापडतं, मधलं १०६ मात्र कुणाकडेच नाही. वर्गात नाही, गल्लीत नाही, शेजारच्या गावातल्या मावसभावाकडेही नाही.

ते छापलंच नव्हतं. मालिका पुरी होऊ नये आणि पोरांनी गम घेत राहावं, म्हणून कंपनीने मधली एक जागा मोकळी सोडली होती. चिडून पत्रं लिहिणाऱ्यांना पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, टपालाने १०६ नंबरचं कार्ड पाठवण्यात आलं. त्यावर केव्हाच निवृत्त झालेल्या नॅप लाजवे या खेळाडूचं चित्र होतं. मोजक्याच लोकांनी पत्रं लिहिली होती, म्हणून मोजकीच कार्डं बाहेर पडली. आज गाउडीच्या त्या मालिकेतलं सर्वांत दुर्मीळ कार्ड तेच.

जुनी खेळाडू-कार्डं साठवण्याच्या ओढीची कुळकथा सांगताना मी खेळाच्या मैदानाकडे आधी जात नाही ते यामुळे. ही ओढ माणसात मुळात असतेच, पण तिला कार्डाचा आकार, क्रमांक आणि अपुरेपणा दिला तो माल विकणाऱ्यांनी. त्यातही पहिले तंबाखूवाले.

अमेरिकेत १८७०-८०च्या सुमाराला सिगारेट कागदाच्या मऊ पाकिटात मिळे. खिशात ती चेपायची, मोडायची. पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालू लागले. तो तुकडा कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर चित्र आलं. त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट घडली. तोवर सिगारेट हाताने वळली जाई. जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियातल्या तरुणाने १८८१ मध्ये सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. दिवसाला एक लाखाच्या वर सिगारेटी एका यंत्रातून पडू लागल्या. एवढा माल खपवायचा कसा? सगळ्यांची सिगारेट जवळजवळ सारखीच होती. मग पाकिटातल्या चित्रावर चढाओढ सुरू झाली. नट्या, राजे, पक्षी, देशोदेशीचे झेंडे, रेड इंडियन सरदार आणि खेळाडू. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये ‘जगज्जेते’ म्हणून ५० कार्डांची मालिका काढली. तीत बेसबॉलवाले फक्त १० होते. बाकी मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नावाडी, बिलियर्ड खेळणारे आणि नेमबाज. अ‍ॅनी ओकली ही नेमबाज बाईही त्यात आहे.

‘५० कार्डांची मालिका’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. सुटं चित्र माणूस पाहतो, आवडलं तर ठेवतो, नाही तर टाकतो. पन्नासातलं एक चित्र हाती आलं की उरलेली एकोणपन्नास त्याच क्षणी हरवलेली वाटायला लागतात. आदल्या दिवशी ज्या गोष्टीचा पत्ताही नव्हता, तिची उणीव भासू लागते. संग्राहकाच्या जिवाला लागलेली टोचणी इथून सुरू होते. माझ्या मते तंबाखूवाल्यांचा खरा शोध हाच, चित्राचा नव्हे.

इंग्लंडनेही तोच कित्ता गिरवला. विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली आणि क्रिकेट सिगारेटच्या पाकिटात शिरलं. पुढे आपल्या रणजितसिंहजींची छबीही अनेक ब्रिटिश सिगारेट कार्डांवर झळकली. दुकानाच्या बाहेर उभं राहून, पाकीट फोडणाऱ्या गृहस्थाकडे ‘कार्ड द्या ना’ म्हणणारी पोरं हे तिथल्या रस्त्यांवरचं नित्याचं दृश्य होतं. १९२७ मध्ये लंडनमध्ये निव्वळ सिगारेट कार्डांची खरेदी-विक्री करणारी कंपनीही निघाली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि १९४० मध्ये हा प्रकार तिथे थांबला.

अमेरिकेत कार्डांना मधल्या काळात उतरती कळा लागली होती. १८९० मध्ये जेम्स ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली; स्पर्धाच संपल्यावर चित्रांची गरज कुणाला? स्पर्धक पुन्हा डोकं वर काढू लागले तेव्हा कार्डं परतली. १९०९ ते १९११ या काळात या कंपनीने काढलेली बेसबॉल खेळाडूंची मालिका आज टी-२०६ या नावाने ओळखली जाते. जेमतेम दीड इंच रुंद, अडीच इंचांहून किंचित उंच असं इवलंसं कार्ड. पाचशेच्या वर निरनिराळी कार्डं. आणि त्यांत एक होनस वॅग्नर.

वॅग्नर हा पिट्सबर्गचा खेळाडू, त्या काळातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. १९३६ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात जे पहिले पाच जण निवडले गेले, त्यांत तो होता. त्याचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि लवकरच थांबली, कारण त्याने परवानगी नाकारली. १९१२ मध्ये एका क्रीडा साप्ताहिकाने त्याची हकिगत छापली. वॅग्नरची संमती मिळवून दिली तर १० डॉलर देऊ, असं कंपनीने पिट्सबर्गच्या एका पत्रकाराला सांगितलं होतं. वॅग्नरने त्या पत्रकाराला कळवलं की सिगारेटच्या पाकिटात आपलं चित्र नको, आणि तुझं नुकसान होऊ नये म्हणून १० डॉलरचा चेक सोबत जोडला. पोरांनी आपल्यापायी तंबाखू घेऊ नये असं त्याला वाटे, असं काही जण सांगतात. स्वतः तो तंबाखू चघळायचा, त्यामुळे पैशाचा प्रश्न असावा असं दुसरे म्हणतात. मला मात्र तो चेक पुरेसा वाटतो. ज्याला फक्त पैसे हवे असतात, तो पदरचे १० डॉलर दुसऱ्याला धाडत नाही. त्या नकारामुळे वॅग्नरची आज साठेकच कार्डं शिल्लक आहेत. त्यांतलं एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं.

सिगारेटकडून गमकडे, म्हणजे बापाच्या खिशातून पोराच्या खिशात कार्ड आलं ते १९३०च्या दशकात. गाउडीचा उल्लेख वर केलाच. युद्धानंतर बोमन, आणि मग ब्रुकलिनची टॉप्स. टॉप्समध्ये साय बर्गर नावाचा तरुण नोकरीला होता. १९५१च्या हिवाळ्याआधी त्याने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सहकारी वुडी गेलमनच्या मदतीने, पुढच्या वर्षीच्या कार्डाचा आराखडा केला. समोर खेळाडूचं मोठं रंगीत चित्र, त्याची छापील सही, संघाचं चिन्ह. मागे गेल्या मोसमाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. आज कुठल्याही खेळाचं कार्ड हाती घ्या, सांगाडा हाच असतो.

१९५२च्या त्या मालिकेत ४०७ कार्डं होती आणि ती हप्त्याहप्त्याने बाजारात आली. शेवटचा हप्ता यायला मोसम सरत आला. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं आणि माल दुकानांत पडून राहिला. बर्गरने तो जत्रांत, खेळांच्या तंबूंत अगदी मातीमोलाने खपवायचा प्रयत्न केला. तरी गोदामात खोक्यांच्या थप्प्या उरल्याच. शेवटी १९६० मध्ये जागा मोकळी करायची म्हणून ती खोकी एका बार्जवर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवली. त्या शेवटच्या हप्त्यातलं पहिलं कार्ड, क्रमांक ३११, मिकी मँटलचं. त्याचीच एक उत्तम स्थितीतली प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. खेळातल्या कुठल्याही वस्तूला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

बर्गरला पुढे आयुष्यभर याबद्दल विचारत राहिले. पण त्याने कार्डं बुडवली नसती, आयांनी घर आवरताना बुटांच्या खोक्यांतली कार्डं केरात टाकली नसती, पोरांनी सायकलच्या आऱ्यांत लावून ती फाडली नसती, तर ही किंमत आलीच नसती. जुनं कार्ड मौल्यवान झालं ते टाकणाऱ्यांमुळे. आपल्याकडे काड्यापेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटं जमवून त्यांवर डाव लावणारी पोरं होती. त्यांतलंही फारच थोडं उरलं आहे.

१९८०च्या दशकात हे सगळ्यांना एकदमच कळलं. लहानपणी कार्डं गमावलेली पिढी कमावती झाली होती आणि वर्तमानपत्रांतून किमती छापून येत होत्या. १९८१ मध्ये टॉप्सची मक्तेदारी मोडून फ्लीअर आणि डॉनरस उतरल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. लोक खोकीच्या खोकी न फोडता माळ्यावर ठेवू लागले; मुलांच्या कॉलेजची सोय म्हणून कार्डं घेऊ लागले. कंपन्याही छापत सुटल्या. कुणीच काही टाकत नव्हतं. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरीज रद्द झाली आणि बाजार बसला. त्या वर्षांतली बहुतेक कार्डं आज कवडीमोलाची आहेत, कारण ती सगळ्यांनी जपून ठेवली. ज्यांनी लेकरांसाठी म्हणून पै-पै गुंतवली, त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. त्यांनी जिवापाड जपलं, एवढीच त्यांची चूक.

याच काळातली एक लहानशी घटना मला किमतींपेक्षा बोलकी वाटते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉप्सने पाकिटात गम घालणं बंद केलं. गमचे डाग कार्डांवर पडतात, अशी संग्राहकांची तक्रार होती. सिगारेट वाचवण्यासाठी जन्मलेल्या कार्डाने आधी सिगारेटला निरोप दिला आणि मग गमलाही. उरलं नुसतं कार्ड. पुढे तेही हाती घेता येईना. १९९१ मध्ये पीएसए नावाची संस्था सुरू झाली. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्राचा मध्य तपासून कार्डाला १ ते १० असा दर्जा द्यायचा आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत ते कायमचं बंद करायचं. पीएसएने पहिला दर्जा दिला तो एका होनस वॅग्नरला. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ते कार्ड लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. कोपरे लख्ख, कडा सरळ. दर्जा ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. जुना कागद नवाकोरा दिसावा म्हणून त्याने त्याला कात्री लावली.

या प्रसंगाने मला जेफरसन बर्डिक आठवतात. या छंदाचे खरे जनक तेच. बर्डिक १९०० साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजजवळच्या खेड्यात जन्मले. विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचं काम करत. लग्न केलं नाही. ऐन उमेदीत संधिवाताने गाठलं आणि बोटं वाकडी होत गेली. बेसबॉलचं त्यांना वेड नव्हतं; वेड होतं छापील कागदाचं, जो लोक सहज फेकून देतात त्याचं. सिगारेटची कार्डं, गमची कार्डं, दुकानांच्या जाहिराती, शुभेच्छापत्रं. १९३७ पासून त्यांनी संग्राहकांसाठी एक पत्रक चालवलं आणि १९३९ मध्ये कार्डांची पहिली मोठी यादी छापली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना एन, विसाव्या शतकातल्यांना टी, गोळ्या-चॉकलेटांच्या जुन्या कार्डांना ई, १९३०नंतरच्यांना आर. लक्षावधी डॉलरच्या लिलावांत उच्चारलं जाणारं टी-२०६ हे नाव त्या कारखान्यातल्या कामगाराने ठेवलेलं आहे.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला द्यायला सुरुवात केली. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी तो स्वीकारला, पण लावण्याचं काम बर्डिक यांनीच करायचं होतं. तीन लाखांवर कागद. त्यांत बेसबॉलची कार्डं ३० हजारांहून अधिक. पुढे ते न्यूयॉर्कलाच राहायला गेले. संग्रहालयातल्या एका टेबलाशी बसून, हाताची बोटं धड उघडत नसताना, ते एकेक कार्ड डिंकाने वहीत चिकटवत राहिले. सुमारे चारशे वह्या भरल्या. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड लागलं. ते तिथून निघाले आणि लगोलग रुग्णालयात दाखल झाले. मार्चमध्ये गेले.

आजच्या बाजाराच्या हिशेबाने त्यांनी केलं ते अक्षम्य आहे. मागच्या बाजूला डिंक लागलेल्या कार्डाचा दर्जा तळाला जातो. त्यांच्या संग्रहातही एक होनस वॅग्नर आहे. बर्डिक यांनी त्याला बाकीच्यांसारखंच वागवलं: यादीत त्याची किंमत ५० डॉलर लिहिली आणि त्याच्या मालिकेत, त्याच्या जागी ते ठेवलं. मला त्यांचा संग्रह ग्रेट्झकीच्या त्या लख्ख कार्डापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मालिका पुरी करण्याची जी तहान विक्रेत्यांनी माल खपवायला लावली होती, ती बर्डिक यांनी जशीच्या तशी उचलली आणि एका संपूर्ण देशाच्या फेकून दिलेल्या कागदाची नोंद करायला लावली. तो संग्रह विकायचा नाही. मेट्रोपॉलिटनने त्यातली बेसबॉलची कार्डं आळीपाळीने प्रदर्शनात मांडली आहेत, आणि बर्डिक यांनी दिलेल्या अक्षर-क्रमांकांच्या आधारे जगभरचे संग्राहक आजही आपल्या मालिकेत कुठलं कार्ड कमी आहे ते शोधतात.