रुग्णशुश्रूषा : दया आणि ज्ञान

ज्युबिलीच्या प्रसंगीं मंदिरें, शाळा व संस्था यांचा इतिहास लिहिला जातो, व तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाचा आणखी एक इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवीत नाहीं. तो आजाऱ्याच्या उशाशीं जागून काढलेल्या रात्रींचा होय. त्याची आठवण म्हणून शुश्रूषेचीं मूलतत्त्वें जगास कशीं उमगत गेलीं, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आजाऱ्याची सेवा हें पुण्यकर्म, ही भावना प्राचीन आहे. परंतु ती सेवा अखंड चालावयाची तर त्यासाठीं वाहिलेलीं माणसें हवींत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलींत संत कमिल्लस यांनीं रुग्णसेवेसाठींच संघ स्थापिला; त्या संघाच्या झग्यावर तांबडा क्रूस असे. १६३३ सालीं पॅरिस येथें संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईज द मारियाक यांनीं ‘दयेच्या कन्या’ हा संघ काढिला. त्या काळीं धर्मभगिनी बहुधा मठाच्या भिंतींआड राहत. या भगिनी मात्र गरिबांच्या घरीं व रुग्णालयांत जाऊं लागल्या.

तथापि नुसती दया पुरत नाहीं, हें एकोणिसाव्या शतकानें शिकविलें. १८४७ सालीं व्हिएन्ना येथील डॉ. सेमेलवाइस यांच्या ध्यानांत आलें कीं, शवविच्छेदन करून आलेल्या वैद्यांच्या हातांनींच बाळंतिणींना घातक ज्वर जडतो. त्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. एप्रिल महिन्यांत त्यांच्या विभागांत शेंकडा सुमारें १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्यें तें प्रमाण सुमारें २ वर आलें. असें असूनहि त्यांच्या हयातींत पुष्कळ वैद्यांनीं त्यांचें म्हणणें मानिलें नाहीं.

४ नोव्हेंबर १८५४ रोजीं, क्रिमियाचें युद्ध चालू असतां, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्थानांतील स्कुटारी येथें पोहोंचल्या. त्या परिचारिकांत १० कॅथोलिक धर्मभगिनी होत्या. त्यांनीं स्वच्छता केली, कपडे धुवविले, पथ्याचें अन्न शिजविलें. तरीहि फेब्रुवारी १८५५ मध्यें तेथील मृत्युमान शेंकडा सुमारें ४२ पर्यंत गेलें. इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं होतीं व हवा कोंदलेली होती. मार्चमध्यें आलेल्या आरोग्य मंडळानें गटारें साफ करविलीं, भिंतींस चुना दिला, हवा खेळती केली, आणि मृत्यु झपाट्यानें घटले. हातीं दिवा घेतलेली बाई सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमच्या मतें त्यांचा खरा मोठेपणा पुढें दिसून आला. युद्धानंतर मृत्यूंचे आंकडे तपासून, आपल्या डोळ्यांदेखत काय चुकत होतें तें त्यांनीं ओळखिलें व अधिकाऱ्यांपुढें मांडिलें. १८५९ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं शुद्ध हवा, प्रकाश, ऊब, स्वच्छता, शांतता, योग्य आहार व बारकाईचें निरीक्षण यांवर भर दिला. १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवें परिचारिकांची शाळा निघाली.

आपल्या महाराष्ट्रांतहि सेवेचें मोल प्राणांनीं चुकविलेलें आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग पसरला, तेव्हां त्यावर खात्रीचें औषध नव्हतें. होती ती शुश्रूषाच. रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले यांस तोच रोग जडला, व १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या.

विसाव्या शतकांत अमेरिकन परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन यांनीं मनुष्याच्या १४ मूलभूत गरजा सांगितल्या. श्वास, अन्नपाणी, मलमूत्रविसर्जन, हालचाल व झोंप यांबरोबरच मनांतलें बोलणें आणि आपल्या श्रद्धेप्रमाणें उपासना करणें यांचीहि गणना त्यांत आहे. शक्ति असती तर रोग्यानें जें स्वतः केलें असतें, त्यांत त्यास साह्य करावें, आणि तो लौकर स्वावलंबी होईल असें पाहावें, हें त्यांच्या शिकवणीचें सार होय.

हीं तत्त्वें घरोघरीं पाळतां येण्याजोगीं आहेत. रोग्यास शिवण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. खिळून पडलेल्याची कूस वेळोवेळीं बदलावी, व टांचा, माकडहाड आणि खुबे रोज पाहावे. कातडी लाल होऊन ती लाली जात नसेल, तर ती शय्याव्रणाची नांदी समजावी. घांस भरवितांना त्यास टेंकून बसवावें, म्हणजे अन्न श्वासनलिकेंत जाण्याचें भय कमी होतें. ताप, नाडी, श्वास व लघवी यांत झालेला फरक वैद्यास नेमका सांगावा. आणि ज्यास स्वतःच्या हातानें तोंड धुतां येतें, त्याचें तोंड आपण धुऊं नये. तेवढ्यानें त्याचा मान राहतो.

दयेवांचून ज्ञान कोरडें, व ज्ञानावांचून दया आंधळी, हाच या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो. ज्या माता, भगिनी व सुना यांनीं आपल्या घरांत ही सेवा मुकाट्यानें केली व ज्यांचीं नांवें कोणत्याहि दगडावर कोरलेलीं नाहींत, त्यांस या ज्युबिलीदिनीं आमचें कृतज्ञ वंदन असो.