दिनविशेष : ९ जुलै
गुरुदत्त आणि एक मराठी पुस्तक

गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळुरूत झाला. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण चित्रपटांपेक्षा त्यांच्या दुःखाचीच चर्चा अधिक झाली. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या पुस्तकाने नजर पडद्यावरच ठेवली आणि ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९) व ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) यांचा मुळापासून विचार केला. १९८५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ते चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तक ठरले. लोकप्रिय चित्रपटही गांभीर्याने वाचण्याजोगा असतो, हे त्याने मराठीत सिद्ध केले.

चिकित्सेने रसभंग होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. ‘कागज के फूल’मधील रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशझोत पाहा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून तो साधला. हे कळल्यावर त्या उजेडात दूर उभ्या नायक-नायिकेची ताटातूट अधिकच भिडते. ताल उमगलेल्या श्रोत्याला सम अधिक गोड लागते, तसेच हे आहे. अकोल्यातील वाचनालयांनी हे पुस्तक आवर्जून ठेवावे आणि तरुणांनी चित्रपट पाहून ते वाचावे.