दहा तासांचा अर्ज

कायद्याचें भवितव्य सभागृहांतील भाषणांपेक्षां कमिटीच्या खोलींतच अधिक ठरतें, ही गोष्ट राजकारणाच्या अभ्यासकास नवी नाहीं. परंतु त्या खोलींत कोणास प्रवेश मिळतो आणि तेथील बोलणें कोण लिहून ठेवतो, याचा विचार आम्ही फारसा करीत नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाचें १८४५ सालचें एक प्रकरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

बोस्टन येथील कायदेमंडळाकडे अर्ज आला, कीं तो कमिटीकडे जावयाचा. कमिटीनें अर्जदारांचें म्हणणें ऐकावयाचें, आणि बिल आणावें कीं अर्जदारांस ‘अर्ज परत घेण्याची मुभा’ द्यावी, तें लेखी कळवावयाचें. नकाराला इतकें सभ्य नांव क्वचितच सांपडेल! आपल्याकडे १८६१ च्या कायद्यानें झालेल्या कौन्सिलांतही सिलेक्ट कमिट्या असत, पण त्यांच्यापुढें बहुधा सरकारचेंच बिल येई. बोस्टनला, मताचा अधिकार नसलेल्या गिरणीतील मुलींचा कागदही कमिटीच्या टेबलावर येऊं शकत होता.

तसा तो आला. बोस्टनपासून सुमारें २५ मैलांवरील लॉवेल हें कापडाच्या गिरण्यांचें शहर. तेथें जानेवारींत दिवसाचें काम ११ तास २४ मिनिटें चाले, तर एप्रिलांत १३ तास ३१ मिनिटें. कामाचा दिवस दहा तासांचा करावा, या मागणीच्या निरनिराळ्या गांवांच्या अर्जांवर एकूण २,१३९ सह्या होत्या. त्यांपैकीं १,१५१ लॉवेलच्या, आणि त्यांतील फार मोठा भाग स्त्रियांचा होता.

कमिटीचे अध्यक्ष विल्यम स्कूलर हे लॉवेलचेच प्रतिनिधि, आणि गिरणीमालकांस अनुकूल अशा एका पत्राचे संपादक. त्यांनीं कळविलें, कीं अर्जदारांत स्त्रिया अधिक असल्यामुळें बाजूही त्यांनींच येऊन मांडावी. एरवीं अर्ज बाजूस ठेवावा लागेल. चार परक्या पुरुषांपुढें बोलणें हें त्या काळीं कुलीन स्त्रीस न शोभणारें मानीत. तेव्हां त्या येणारच नाहींत, असा हिशेब यांत असावा असें आम्हांस वाटतें. तो चुकला. १३ फेब्रुवारीस त्या आल्या. एलिझा हेमिंगवे हिनें सांगितलें, कीं तिच्या खोलींत सकाळसंध्याकाळ कधीं कधीं २९३ लहान व ६१ मोठे दिवे पेटवीत, आणि तेथील हवा चांगली नव्हती. सारा बॅग्ली साडेआठ वर्षें लॉवेलच्या गिरण्यांत होती. दिवसभर राबून ती रात्रीं मुलींस फुकट शिकवी.

१ मार्च रोजीं कमिटीचे कांहीं सभासद लॉवेलला जाऊन आले. खिडक्यांतील फुलझाडें व आवारांतील हिरवळ पाहून ते प्रसन्न झाले. मग अहवाल आला. कंपन्या कायद्यानेंच जन्मास येतात, म्हणून कामाचे तास ठरविण्याचा हक्क कायदेमंडळास आहे, हें त्यांत कबूल होतें. तरी कायद्याची गरज नाहीं, इतर संस्थानांच्या स्पर्धेंत गिरण्या मागें पडतील, मजुरी घटेल, आणि मजूर आपला सौदा आपण करण्याइतके शहाणे आहेत, असा त्यांचा निर्णय होता. कंपनीच्याच खानावळींत राहणारी, आणि एका गिरणीनें काढल्यास दुसरींत काम न मिळणारी मुलगी कसला सौदा करणार? हक्क मान्य करून तो न वापरणें हें उघड नकारापेक्षां अधिक खटकतें.

अहवालांत महत्त्वाच्या गोष्टी गाळल्या, असा स्त्रियांनीं आरोप केला आणि स्कूलर यांस बोस्टनला त्रास देऊं न देतां लॉवेलांतच ठेवण्याचा ठराव केला. त्या वर्षींच्या निवडणुकींत ते पडले. १८४६ मध्यें पुन्हा अर्ज गेला आणि पुन्हा नाकारला गेला. त्याच वर्षीं बॅग्ली लॉवेलच्या तारऑफिसांत कामास लागली. स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्यें झाला तो १८७४ सालीं. ते दिवे मात्र आज मोजतां येतात ते स्कूलर यांच्या सहीच्या त्या अहवालामुळेंच. अर्जदारांच्या साक्षी, गाळून कां होईना, त्यांत छापल्या गेल्या होत्या.